सेवेची फट उघडा : आमच्या पंच कमिटीला खुलं पत्र

पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि पंच कमिटीच्या सर्व सभासदांना ख्रिस्तात सलाम.

आपल्या चर्चच्या दारात डाव्या हाताला सागवानी दानपेटी आहे. तिला दोन फटी आहेत. एकीवर पांढऱ्या रंगात ‘मंडळी’ लिहिलंय, दुसरीवर ‘सेवा’. रंगाऱ्याचा हात हलला असावा, ‘सेवा’तला ‘वा’ जरा खाली घसरलाय. संडेस्कूलची किती पोरं त्या घसरलेल्या ‘वा’वर बोट फिरवून मोठी झाली. ईस्टरनंतरच्या रविवारी मी नेहमीसारखा लिफाफा टाकायला गेले, तर ‘सेवा’च्या फटीवर क्यूआर कोडचा स्टिकर. बरोबर फटीवर. बाकी सगळी पेटी मोकळी होती.

नातवाकडून स्कॅन करून घेतला. एकच खातं उघडलं, मंडळीचं सर्वसाधारण.

मला वाटलं, लावणाऱ्याची नजरचूक असेल. मग घरी येऊन वार्षिक सभेचा अहवाल चष्मा पुसून वाचला, आणि कळलं की सेवेचा निधीच बंद केलाय, स्टिकर अगदी विचार करून लावलाय.

या विषयावर मी तुम्हाला तीन पत्रं दिली. दोन ऑफिसात हातोहात, पोच घेऊन. एक स्पीड पोस्टाने. उत्तर आलं नाही. पंचांपैकी एकांनी मात्र एका लग्नाच्या पंगतीत मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, घरची धुणी चव्हाट्यावर नकोत.” घरात तीनदा धुतली भाऊ, वाळत घालायला कुणी आलं नाही. शिवाय ज्यांची मदत थांबली ते आपले सभासद नाहीत, आपल्या सभेत त्यांना हात वर करता येत नाही. त्यांच्या वतीने कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून हे उघड पत्र.

बाहेरच्या वाचकांना थोडं सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘मिशन व सेवा निधी’ असा वेगळा निधी होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दानाची दुसरी पिशवी फिरायची ती त्यासाठी. हंगामाच्या सणातल्या लिलावाचा पैसा त्यातच जायचा. त्यातून दर महिन्याला तीन ठिकाणी मदत जाई : खेड्यातल्या एका मुलींच्या बोर्डिंगला, सरकारी दवाखान्यातल्या क्षयरोग्यांच्या दूध-अंड्यांना आणि एका वृद्धाश्रमाला. वर्षातून एकदा ठरावीक रक्कम दुसऱ्या राज्यातल्या मिशनकामाला, आणि कुठे मोठी आपत्ती आली तर तिकडे. १ एप्रिलपासून हा निधी बंद झाला. शिल्लक सर्वसाधारण निधीत वळवली, म्हणजेच बांधायला काढलेल्या हॉलकडे. तिन्ही मदती ‘तूर्त स्थगित’. आणि अंदाजपत्रकात एक नवी ओळ उगवली : ‘परदेशी मिशन प्रवास (नेपाळ)’.

मी यात एवढी का पडते, ते आता सांगते. मी बोर्डिंगची पोर आहे.

१९७१ च्या जूनमध्ये वडिलांनी मला नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावाहून सायकलच्या दांडीवर बसवून बोर्डिंगात आणून सोडलं. पत्र्याची पेटी, एक गोधडी, पितळी ताटली आणि वाटी. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. आई खडी फोडायच्या कामावर जायची, घरात लाल मिलो ज्वारी, तीही मापून. सुट्टीत घरी गेले की धाकटा भाऊ विचारायचा, “तुला तिथं रोज जेवायला देतात?” रोज देत होते. सकाळी दलिया, रात्री आमटी-भाकरी. दलियात किडे निघायचे, ते आम्ही ताटलीच्या कडेला ओळीने लावायचो, ज्याची ओळ मोठी तो जिंकला. पण दलिया चुकला नाही.

माझा खर्च समुद्रापलीकडची एक बाई करायची. दर दोन महिन्यांनी रविवारी दुपारी आम्हाला तिला पत्र लिहायला बसवत. मजकूर फळ्यावर असायचा, सगळ्यांचा एकच. आपापल्या मॅडमचं नाव तेवढं वेगळं. नाताळात तिचं कार्ड यायचं. एकावर लाल छातीचा पक्षी पांढऱ्या फांदीवर बसलेला. मला बर्फ ठाऊक नव्हतं, मी पैजेवर सांगितलं की तो कापूस आहे. ती बाई गडगंज असणार अशी आमची समजूत. चाळिशी उलटल्यावर बोर्डिंगच्या एका समारंभात जुनं रजिस्टर चाळायला मिळालं, त्यात तिच्या नावापुढे धंदा लिहिला होता : शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. म्हणजे आमच्या बोर्डिंगच्या आचारीणबाईसारखीच ती. दिवसभर दुसऱ्यांची पोरं जेवू घालायची आणि पगारातून मलाही.

गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचा, दाखला आपण दर वर्षी दशांशाच्या, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याच्या, उपदेशात ऐकतो. माझ्यासाठी तो दाखला नाही, माझं सातवीपर्यंतचं खाणं आहे.

आणि मी एकटीच अशी नाही. आपल्या बाकांवर बसणाऱ्या निम्म्या घरांची कुळकथा कुठल्या ना कुठल्या बोर्डिंगापाशी, मिशनच्या दवाखान्यापाशी जाऊन थांबते. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे पहिले दोघे मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या खटपटीत होतं. १८३१ मध्ये नगरचं काम सुरू झालं. सिंथिया फरार ही लग्न न केलेली बाई १८२७ मध्ये आली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीरावांनी तिच्या शाळा पाहिल्या, सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे तिच्याकडे घेतले, असं फुल्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे त्या वर्गण्यांचं फळ फक्त ख्रिस्ती घरांत पडलं नाही. १९०० च्या दुष्काळात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी गोळा केलेला मका भरून ‘क्विटो’ नावाचं जहाज मुंबईला आलं.

ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर हापशाचं घ्या. साठच्या दशकात जालन्याला मिशनच्या लोकांनी बोअर घ्यायची यंत्रं आणली. पाणी लागलं, पण वर बसवलेले बिडाचे पंप टिकेनात. ते एका घराच्या वापरासाठी बनवलेले, आणि इथे अख्खं गाव पहाटेपासून हापसणार. जालन्यात मिशनच्या कारागिरांनी पोलादी पंप घडवला. सोलापूरला स्वीडिश मिशनच्या वर्कशॉपात तो आणखी सुधारला. त्या सोलापुरी पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. तुमच्या-आमच्या गावात, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत, बायका ज्याच्या दांड्यावर लोंबकळून पाणी काढतात तो हाच. स्वीडनमधल्या कुठल्याशा थंड चर्चमध्ये फिरलेल्या दानाच्या पिशवीतून सोलापूरचं वर्कशॉप चाललं. त्या पिशवीवर जर कुणी स्टिकर लावला असता तर?

मिशनच्या पैशाने आपल्याला मिंधंही केलं, हे मला नाकारायचं नाही. फळ्यावरून उतरवलेली ती आभाराची पत्रं मला अजून टोचतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली ती उगाच नाही. आपली मंडळी आपल्या पायावर, आपल्या रीतीने उभी राहावी ही त्यांची तळमळ होती. पुढे परदेशी मिशनरी गेले, पैसा आटला, आपण पायावर उभे राहिलो. आता प्रश्न एवढाच की त्या पायांनी आपण कुठे गेलो. मला तर हॉलच्या पायऱ्यांपर्यंतच गेलेलो दिसतो.

तर माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी : तुम्ही जो पैसा वळवला तो तुमचा नव्हता. सभेचा नव्हता, मंडळीचाही नव्हता. तो ज्या कामासाठी दिला गेला त्या कामाचा होता. मी एकतीस वर्षं लेखा विभागात कारकुनी केली, अकरा वर्षं महिला मंडळाची खजिनदार होते. एका शीर्षाखाली आलेला पैसा दुसऱ्या शीर्षाखाली खर्चायचा नाही, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. आपल्या लिफाफ्यांवर रकाने छापलेत : दशांश, उपकारस्तुती, सेवा, बांधकाम. लोकांनी ‘सेवा’ या रकान्यात आकडा लिहिला. बांधकामाचा रकाना बाजूलाच होता, त्यांना दिसत नव्हता असं नाही.

गेल्या हंगामाच्या सणाचा लिलाव आठवा. एक दुधी भोपळा होता, हाताएवढा. पहिल्यांदा दीडशेला गेला. घेणाऱ्याने परत ठेवला. दुसऱ्यांदा तीनशे, पुन्हा परत. तिसऱ्यांदा पाचशे. चौथ्यांदा आपल्या शिपाईमामांनी सातशेला घेतला आणि सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती, कारण मामांचा पगार सगळ्यांना माहीत आहे. माइकवरून कोण ओरडत होतं? खजिनदारसाहेब, तुम्हीच : “बोला बोला, बोर्डिंगच्या पोरींसाठी बोला!” तो भोपळा आज टाइल्समध्ये गेलाय. मामांना हे कुणी सांगितलंय का? मी विचारलं, नाही सांगितलं.

दुसरी तक्रार ठराव कसा झाला त्याबद्दल. विषयपत्रिकेत अकराव्या क्रमांकावर ‘निधींचे सुसूत्रीकरण’ एवढे दोनच शब्द होते. त्यावर येईपर्यंत पावणेदोन वाजले होते, मागच्या अंगणात बिर्याणीचं झाकण उघडलं होतं, लहान पोरं आयांचे पदर ओढत होती. अर्धे लोक उभे राहिले होते. उभ्या लोकांना ‘हात वर करा’ म्हटलं, झाला ठराव. कुठला निधी, किती शिल्लक, कुणाची मदत थांबणार, एक शब्द नाही. सभेचं इतिवृत्त म्हणतं ‘सविस्तर चर्चेअंती’. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. चर्चा झाली ती मटण शिजलंय की नाही याची.

तिसरी नेपाळची. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण मला परदेशी मिशनचा विरोध आहे असं माझ्यामागे बोललं जातं. परदेशी मिशनचा विरोध करणारी मी कोण? मी त्याचंच पीक आहे. म्हणून तर मला ते शब्द सहलीवर चिकटवलेले बघवत नाहीत.

छापील पत्रिका माझ्यासमोर आहे. ‘सुवार्ता अभियान व निसर्गदर्शन’, नऊ दिवस, अकरा जण, निम्मं भाडं मंडळीकडून. अकरापैकी सहा पंच कमिटीचे, दोघी त्यांच्या घरच्या. काठमांडूत दोन रविवारच्या उपासना आणि एका संध्याकाळी गीतांचा कार्यक्रम. पोखऱ्याच्या फेवा तलावावर नौकाविहाराला दीड दिवस. मनकामना देवीच्या मंदिराचा रोपवेही आहे. जा की, जरूर जा, पोखरा सुंदर आहे असं ऐकते. स्वतःच्या पैशाने जा, फोटो पाठवा, मीही लाइक करीन.

पण ‘अभियान’ हा शब्द छापताना तिथला कायदा कुणी वाचला? नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१७ च्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि आरोपी परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर हद्दपारी. तो कायदा बरा की वाईट हा वाद वेगळा. तुम्ही दहाव्या दिवशी परत याल. ज्या पाळकाच्या घरात तुम्ही गीतं गाणार तो तिथेच राहणार, त्याच्या दारात पोलीस येणार. तुमची पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरते आहे, पुरावा तुम्हीच छापून दिलात.

नेपाळसाठी करण्यासारखं नाही असं थोडंच आहे? १९५४ पासून निरनिराळ्या मिशनांनी एकत्र येऊन तिथे दवाखाने, शाळा, विजेचे प्रकल्प उभे केले. तिथल्या तानसेन गावचं रुग्णालय अजून चालू आहे. आणि आपणही एकदा नीट काम केलंय. २०१५ च्या भूकंपानंतर आपल्या मंडळीने घोंगड्या आणि पैसे गोळा केले, एका नोंदणीकृत मदतसंस्थेकडे दिले. आपल्यातलं कुणी गेलं नाही. कुणाचा फोटो नाही. पावती आहे, माझ्या फायलीत, गुलाबी कागदाची.

मिझोरमच्या बायकांचं तुम्ही ऐकलं असेल. १९१० पासून तिथे रीत आहे : स्वयंपाकाला तांदूळ काढले की एक मूठ देवासाठी बाजूला. दोन्ही वेळेला. आठवड्याने मंडळीच्या बायका घरोघर जाऊन त्या मुठी गोळा करतात, विकतात, आणि त्या पैशावर मिझो चर्च आपली माणसं बाहेर सेवेला पाठवतं. गरिबांचा प्रदेश, डोंगरातला. तिथल्या मुठीतून माणसाला वर्षानुवर्षांचा पगार निघतो. आपल्या अंदाजपत्रकातून निघाला नऊ दिवसांचा प्रवास.

देशाबाहेर पैसा खर्चायचा तर आणखी एक गाठ आहे, ती खजिनदारांनी चार्टर्ड अकाउंटंटना विचारावी. भारतातल्या धर्मादाय न्यासाने देशाबाहेर केलेला खर्च आयकरातल्या सवलतीला साधारणपणे धरत नाहीत, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. आपल्या ऑडिटमध्ये उद्या ही ओळ लाल शाईने आली तर दंड कुणाच्या दानातून भरणार?

चौथी तक्रार तुमच्या एका वाक्याबद्दल आहे. मदत का थांबवली असं मी सेक्रेटरींना तोंडी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “बोर्डिंगला फॉरेनचा पैसा येतो, पेशंटला सरकार देतं. आपण कशाला?”

फॉरेनचा पैसा यायचा, हे खरं. आता बघा. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा सप्टेंबर २०२० मध्ये बदलला. त्याआधी एखादी मोठी संस्था बाहेरून आलेल्या पैशातून दुसऱ्या नोंदणीकृत लहान संस्थेला वाटा देऊ शकायची. तेच आता बंद झालं. ज्याला पैसा आला त्यानेच खर्चायचा, पुढे द्यायचा नाही. आपल्या बोर्डिंगला तसा वाटा यायचा, वरच्या एका संस्थेकडून. तो तेव्हापासून आटला. मेट्रनबाईंनी ते पत्राने आपल्याला कळवलं होतं, ते पत्र मी स्वतः सभेत वाचून दाखवलं होतं, आणि म्हणूनच आपण मदत वाढवून महिना सहा हजार केली होती. म्हणजे जे कारण सांगून मदत थांबवली ते कारण मुळी पाच-सहा वर्षांपूर्वीच मेलंय.

क्षयरोग्यांचं म्हणाल तर सरकार देतं, आणि त्याबद्दल कुणी नाव ठेवू नये. २०१८ पासून महिना पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले, थेट खात्यात. पण ज्याचं खातं नीट जोडलेलं नाही, ज्याच्या घरून डबा येत नाही, तो त्या दिवशी काय खातो? आम्ही बायका गुरुवारी जायचो. एका हातात उकडलेल्या अंड्यांचं पातेलं, एका हातात दुधाची किटली. खिडकीशेजारच्या खाटेवर एक ऊसतोड कामगार होता, बीडकडचा. गोळ्यांनी तोंडाची चव गेलेली. तो अंडं सोलायचा नाही, तसंच हातात धरून बसायचा, गार होईपर्यंत. म्हणायचा, “ऊब येती हाताला.” एप्रिलपासून गुरुवार बंद आहेत. मी आणि आणखी दोघी आपल्या खर्चाने दोनदा जाऊन आलो. तिघींच्या पेन्शनीत वॉर्ड मावत नाही.

वृद्धाश्रमाबद्दल मी फार लिहीत नाही. तिथे आपल्याच मंडळीच्या एक माजी संडेस्कूल शिक्षिका आहेत. तुमच्यापैकी किमान तिघांना त्यांनी दहा आज्ञा पाठ करून घेतल्यात. त्यांना भेटायला जाल तेव्हा त्याच विचारतील.

हॉलला माझा विरोध नाही. जुन्या शेडचं छत गळतं, पावसाळ्यात लग्नाच्या पंगतीत छत्री धरून आमटी वाढलीय मी. हॉल हवा. बांधकामाचा वेगळा रकाना आहे, त्यात मीही दिलंय आणि देईन. एलईडी भिंत हवी की नको हे तुमच्या तरुणांनी ठरवावं, मला गीतपुस्तक पुरतं. पण हॉलला पैसे कमी पडत असतील तर उभं राहून मागा, “बांधकामाला द्या.” लोक देतील. दुसऱ्याच्या ताटलीतलं न विचारता उचलायचं नाही, एवढंच.

पाळकसाहेब, तुमची बदली इथे होऊन दोनच वर्षं झाली आणि कमिटीत तुमचं किती चालतं ते आम्ही बघतो. तरी तुम्ही अध्यक्ष आहात. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, तरी त्यांनी दिलं. आणि तो पैसा नेताना कुणी बोट दाखवू नये म्हणून त्याने आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी माणसं दिली. प्रेषिताला जर साक्षीदार लागले, तर आपल्या कमिटीला लाज कसली? एखाद्या रविवारी तो अध्याय घ्या. मी पहिल्या बाकावर येऊन बसते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

‘मिशन व सेवा निधी’ पुन्हा सुरू करा आणि ३१ मार्चला त्यात असलेली सगळी शिल्लक त्यात परत टाका. एप्रिलपासून थकलेली मदत तिन्ही ठिकाणी एकरकमी पोचवा. पेटीवरचा स्टिकर काढा. क्यूआर कोड हवाच तर दोन लावा, दोन खात्यांचे, आणि फटीच्या बाजूला लावा.

दर तीन महिन्यांनी या निधीचा जमाखर्च सूचनाफलकावर लावा. कुणाला किती दिले, पावती नंबर काय, इतकंच. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, हिशोब बघण्याचा सभासदांना हक्क आहे. तो मला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन बजावायची वेळ आणू नका. धमकी देत नाही. मला तिथल्या पायऱ्या चढवत नाहीत.

नेपाळच्या प्रवासाला दिलेली रक्कम परत घ्या, पत्रिकेतला ‘अभियान’ शब्द काढा, आणि ज्यांना जायचंय त्यांनी आपापल्या खर्चाने जावं. परदेशी मिशनला द्यायचंच असेल तर आधी कायदेशीर सल्ला घ्या, तिथे काम करणाऱ्या संस्थेला काय हवंय ते विचारा, आणि एका नर्सचा किंवा शिक्षकाचा पगार किमान तीन वर्षं उचला. तेवढी ऐपत नसेल तर देशातच पुष्कळ आहे.

आणि शेवटची मागणी, जी या सगळ्यांच्या मुळाशी आहे. तुम्ही सभासदांकडून दशांश मागता. आमच्या दारावर कार्ड घेऊन येता, कुणाचे किती महिने राहिले ते वाचून दाखवता. माझं म्हणणं, मंडळीनेही आपला दशांश द्यावा. सर्वसाधारण निधीत जे येईल त्यातले शंभरातले दहा, पहिले दहा, उरलेले नव्हेत, मंडळीच्या भिंतीबाहेर गेले पाहिजेत. हे नियमावलीत घाला, म्हणजे पुढची कमिटी आली तरी कुणाच्या मर्जीवर राहणार नाही.

यासाठी विशेष सभा बोलवा. मागणीपत्रावर बेचाळीस सभासदांच्या सह्या झाल्या आहेत, ते या पत्राबरोबर ऑफिसात देत आहे. पहिली सही शिपाईमामांची आहे. सभा उपासनेनंतर लगेच ठेवा, जेवण नंतर.

तारीख लवकरची धरा. १५ जूनला शाळा उघडतात. परवा मेट्रनबाईंचा फोन आला होता. या वर्षी चार नव्या मुली आल्यात, दोघी बहिणी आहेत, आई ऊसतोडीला जाते. त्यांना घ्यायचं की नाही हे बाईंना ५ जूनपर्यंत सांगायचंय. मी त्यांना सांगितलंय, कमिटीला विचारून कळवते.

आपली,
मंडळीची एक सभासद आणि महिला मंडळाची माजी खजिनदार